असिट्रॉम सोडून अपिक्साबॅन चालू करावी का?

सातपूरकर:
वडील ७२, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित), गुठळी होऊ नये म्हणून असिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची टेस्ट) २ ते ३ मधे हवा पण कधी १.६ तर कधी डायरेक्ट ४, थंडीत तर विचारूच नका, मखमलाबादची मेथी स्वस्त झाली की घरात रोज मेथी नाहीतर पालक, त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा असर कमी होतो आणि मग लॅबच्या चकरा. शेजारचे काका त्याच कामाची नवी गोळी अपिक्साबॅन घेतात, म्हणतात टेस्टची भानगडच नाही. कोणी दोन्ही वापरल्यात का?

गोदाकाठ:
व्हॉल्व्ह बदललाय का ते आधी सांगा. मेटलचा असेल तर विषयच संपला, असिट्रॉम किंवा तिच्याच जातीची वॉरफरिनच. तशा पेशंटना डॅबिगॅट्रान (अपिक्साबॅनसारखीच नवी गोळी) देऊन बघितली होती, गुठळ्याही जास्त आणि ब्लीडिंगही जास्त, ट्रायल मधेच बंद केली. रुमॅटिक तापामुळे हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह आवळलेला असेल तरी जुनीच गोळी. आणि मेथी बंद करू नका हो, फक्त दर आठवड्याला साधारण सारखीच असू द्या.

नाशिकरोडची_सून:
सासूबाईंची बदलली. असिट्रॉम थांबवून आयएनआर २ च्या खाली आल्यावरच अपिक्साबॅन दिली, दोन्ही एकत्र नाही. दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि असर लवकर उतरतो, त्यामुळे विसरून चालत नाही, लग्नाला निघाल्या की पर्स मी स्वतः चेक करते. रिव्हारोक्साबॅन ही तसलीच दुसरी गोळी दिवसातून एकदाच पण ती जेवणासोबतच, आणि आमच्याकडे एकादशी, चतुर्थी, सोमवार सगळंच, म्हणून डॉक्टर नको म्हणाले. असिट्रॉमपेक्षा महाग पडते, पण लॅबचा खर्च गेला.

सिडको_मेडिकलवाला:
टेस्टच नाही हे अर्धंच खरं. आयएनआर नाही पण किडनी आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी बघावंच लागतं. डॅबिगॅट्रान तर बरीचशी किडनीवाटेच बाहेर पडते. वय ८० किंवा वर, वजन ६० किलो किंवा आत, क्रिएटिनिन (किडनीची रक्तटेस्ट) १.५ किंवा वर, यातल्या दोन गोष्टी असल्या तर अपिक्साबॅन ५ ऐवजी २.५ ची देतात. आणि रक्त पातळ करायची कुठलीही गोळी असो, गुडघे दुखतात म्हणून परस्पर डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी मागू नका, ब्लीडिंगचा धोका वाढतो, रोज दोन-तीन जण तरी येतात.

सातपूरकर:
व्हॉल्व्ह स्वतःचाच आहे, टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) थोडं लीक लिहिलंय, आवळलाय असं काही नाही. क्रिएटिनिन दिवाळीत १.४ होतं आणि वजन ५८, म्हणजे काठावरच की. परत टेस्ट करून फाइल घेऊन जातो, तोवर असिट्रॉम आहे तशीच.