मदत हवी आहे: फॉस्टर केअरमधल्या मोठ्या मुलांसाठी सरकारी पातळीवरचं काम

नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत एका संस्थेत आहे, फॉस्टर केअरमधून (आईवडिलांकडे राहू न शकणाऱ्या मुलांची सरकारने दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत केलेली सोय) वयामुळे बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी आमचं काम चालतं, आणि आता गव्हर्मेंट रिलेशन्सची, म्हणजे सरकार आणि आमदारांकडे पाठपुरावा करायची, पूर्ण जबाबदारी माझ्याकडे आलीये. आधी मी थेट मुलांसोबतच होते त्यामुळे त्यांचे प्रश्न पाठ आहेत पण आमदारांच्या ऑफिसात ते मांडायचे कसे हे नवीन आहे.

एक उदाहरण देते. कॉलेज किंवा ट्रेनिंगसाठी या मुलांना जे व्हाउचर मिळतं त्याची कमाल मर्यादा वर्षाला ५,००० डॉलर, कोविडच्या काळात ती तात्पुरती १२,००० केली होती आणि मग परत खाली आणली. एवढ्यात फी आणि राहणं कसं भागणार? २००८ च्या कायद्याने राज्यांना २१ वर्षांपर्यंत केअर वाढवायची मुभा दिली, पण मुभाच, सक्ती नाही, म्हणून राज्याराज्यात फरक.

कोणी असं काम केलंय का? ५०१(एच), म्हणजे आमच्यासारख्या करमाफ संस्थांना लॉबिंगवर (कायद्यांसाठी आमदारांकडे पाठपुरावा) ठराविक मर्यादेपर्यंत खर्च करू देणारा करकायद्यातला पर्याय, निवडल्यावर त्या खर्चाचा हिशोब, म्हणजे स्टाफचे तास वगैरे, रोजच्या रोज कसा ठेवता?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलांना आमदारांसमोर स्वतःचा अनुभव सांगायला, म्हणजे साक्षीला नेताना त्यांनी आपलं दुःख परत परत उगाळावं असं मला अजिबात नकोय, तयारी कशी करून घेता, मानधन देता का, आणि ऐनवेळी एखाद्याला बोलावंसं वाटलं नाही तर काय करता? प्लीज सविस्तर लिहा.