मदत हवी आहे: मुलीला नदी सफाईला जाऊ द्यावं का? फॉर्मला उद्या शेवटचा दिवस

रावपुरावाले: मुलगी नदी साफ करायच्या कामाला नाव देते म्हणते. बिनपगारी. तिच्या फ्लॅटमधला एक मुलगा म्हणाला, व्हिसाचे वांधे होतील. खरं आहे का? बायको म्हणते, सरळ नाही सांगा. उद्या रात्रीपर्यंत कळवायचंय. गूगल कर म्हणू नका, करून डोकं फिरलंय.

सुरसागर_काठ: आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत? अजिबात नको! ऑगस्ट २०२४च्या पुरात आमच्या पार्किंगमध्ये मगर आली होती. वनखात्याच्या पोरांनी आधी डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं, मग तोंड बांधलं. स्कूटरच्या सीटवर उभा राहून पाहिलंय मी.

मांजलपूरची_मावशी: अहो, विश्वामित्रीत उतरायला व्हिसा लागतो का? दादा, देश तर सांगा.

रावपुरावाले: लंडन. थेम्स नदी. लिहिलं होतं असं वाटलं.

हायडलबर्गचा_बंड्या: काका, काळजी नको. इथे विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, मार्च २०२४ पासून वाढवलंय.

मांजलपूरची_मावशी: बंड्या, ते जर्मनीचं. इथे लंडन चाललंय.

हायडलबर्गचा_बंड्या: सगळीकडे साधारण सारखंच असतं.

क्रॉयडनकर: मुळीच नसतं. काका, माझंही स्टुडंट व्हिसावर शिक्षण झालंय, नीट वाचा. ब्रिटनमध्ये दोन गोष्टी आहेत, ऐकायला जुळ्या बहिणी. एक 'व्हॉलंटिअरिंग': चॅरिटीसाठी, करार नाही, यायचं बंधन नाही, फार तर बसभाडं आणि जेवणाचा प्रत्यक्ष खर्च मिळतो. याचे तास मोजत नाहीत. दुसरं 'व्हॉलंटरी वर्क': ठरलेले तास, ठरलेली जबाबदारी, बदल्यात काहीतरी मिळतं. पगार नसला तरी हे कामच धरतात, आणि सत्र चालू असताना आठवड्याच्या २० तासांत मोजतात. म्हणून फॉर्ममध्ये नेमकं काय लिहिलंय? आणि ती नोकरी करते का?

रावपुरावाले: नोकरी नाही. कॅफेत आहे फक्त.

क्रॉयडनकर: काका!! कॅफे म्हणजे नोकरीच. किती तास?

रावपुरावाले: सोळा. तिला आत्ताच विचारलं. नदीचं काम दर शनिवारी सहा तास, 'टीम लीडर' म्हणून. सही करायचा कागद आहे, महिन्याला थोडे पैसेही देतात म्हणे. हे आम्हाला आत्ता सांगतेय.

क्रॉयडनकर: मग झालं. सोळा आणि सहा बावीस. हे दुसऱ्या प्रकारात जायची दाट शक्यता आहे. आठवडा सोमवार ते रविवार धरतात, एका आठवड्यात तास वर गेले तरी नियमभंग. एमएससी असेल तर उन्हाळ्याची सुट्टीही धरू नका, प्रबंध चालू असतो. सही करण्याआधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करायला लावा. नुसतं एखाद्या रविवारी गमबूट घालून कचरा उचलायला जायचं असेल तर खुशाल जाऊ दे.

डॉ_फतेगंज: व्हिसा राहू द्या, लेप्टोच्या तापाचं (लेप्टोस्पायरोसिस) काय? आपल्याकडे सुरत-वलसाडला भातलावणीत दरवर्षी रुग्ण येतात. उंदराच्या मुतातून जंतू पाण्यात जातात आणि जखमेतून शरीरात शिरतात. जखम असेल तर पाण्यात उतरू नको म्हणावं, हातमोजे घालावेत, धनुर्वाताची लस पाहावी. नंतर ताप आला तर डॉक्टरला 'नदीत गेले होते' हे आधी सांगायचं, हे लोक विसरतात.

सुरसागर_काठ: थेम्समध्ये कसली घाण? १९५७ साली मृत घोषित झाली होती, आता सील मासे फिरतात तिथे.

क्रॉयडनकर: सील मासा नाही हो. आणि पाऊस पडला की सांडपाणी अजूनही नदीत सुटतं, नवा मोठा बोगदा झाल्यावर कमी झालंय एवढंच. ओहोटीला चिखलात काय सापडतं माहीत आहे? ओल्या वाइप्स. गोधडीसारखे थर. हॅमरस्मिथ पुलाजवळ त्यांचं बेटच झालं होतं.

मांजलपूरची_मावशी: आमच्या कालाघोडा पुलावरून बघा, निर्माल्याच्या पिशव्यांचे थर! लंडनची घाण काढायला आपली पोरं, आणि इथली कोण काढणार?

सुरसागर_काठ: मगरी.

रावपुरावाले: ईमेल पाठवला. सही थांबवली आहे. सध्या एका रविवारपुरतं जाते म्हणाली, वर मला म्हणते, 'बाबा, हे कुठे कुठे विचारत बसता?' बायको आता वेगळंच विचारतेय: लीला चिवडा लंडनला पाठवला तर कस्टमवाले काढून घेतात का?

हायडलबर्गचा_बंड्या: मी तीन किलो आणला होता. जर्मनीत.