सॅन हुआन ते गल्फ बेटं: फुकटचा एमएमएसआय पुरतो का?

सुकाणू
अमेरिकेच्या सॅन हुआन बेटांवरून कॅनडाच्या गल्फ बेटांकडे उन्हाळाभर ये-जा करायची असेल, तर सगळ्यात आधी रेडिओचं बघा. बोटमालकांच्या संघटनेकडून फुकट मिळणारा नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक, अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदीत जातो, आंतरराष्ट्रीय नोंदीत जात नाही. संकटात रेडिओचं लाल बटण दाबल्यावर कॅनडाच्या बचाव केंद्राला नुसता नंबर दिसेल. बोट कोणती, घरी कोणाला कळवायचं, काही कळणार नाही. एफसीसीचा (अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा) स्टेशन परवाना, म्हणजे बोटीवरच्या रेडिओचा परवाना काढा, एमएमएसआय त्याच अर्जात मागा. परवाना 10 वर्षं चालतो. रेडिओ हाताळणाऱ्याचा परवाना वेगळा काढायचा, तो आयुष्यभराचा. फुकटचा नंबर सेटमध्ये आधीच भरू नका: बऱ्याच रेडिओंत तो एक-दोनदाच भरता येतो, मग सेट कंपनीकडे पाठवावा लागतो.

खारा वारा
परवाना कायद्याने लागतो, मान्य. पण सगळ्यात आधी? अजिबात नाही. ज्या रेडिओत जीपीएस नाही आणि बाहेरूनही जोडलेला नाही, तो हाकेबरोबर तुमचं ठिकाण पाठवणारच नाही, नंबर कुठलाही असो.
त्याहून मोठा धोका खडकांचा आहे. कॅनडाच्या सागरी नकाशावर खोलीचा 2 हा आकडा मीटरमधला. सवयीने फॅदम (सहा फूट) समजून वाचलात, तर जवळपास दुप्पट पाणी आहे असं वाटेल. शिवाय खोली जिथून मोजतात तो कॅनडाचा शून्य अमेरिकेच्या शून्यापेक्षा खाली धरलेला असतो. त्यांच्या भरतीचे आकडे अमेरिकन नकाशात मिळवलेत की खोली फुगते. ज्या देशाचा नकाशा, त्याचंच भरतीचं कोष्टक.

सुकाणू
नकाशाचं अगदी खरं. पण ती चूक धक्क्यावर बसूनही सुधारता येते, परवान्याला मात्र वेळ लागतो. म्हणून तो आधी. जीपीएस जोडून झाला की 003669999 वर टेस्ट कॉल करा, तटरक्षक दलाकडून आपोआप उत्तर येतं.

नांगर
तुम्ही दोघंही सीमेवरची नोंद विसरलात. कॅनडात बेडवेल हार्बर किंवा सिडनीसारख्या ठरलेल्या जागीच लागायचं. फोन करायला फक्त कप्तानाने उतरायचं. परवानगी मिळेपर्यंत बाकीचे बोटीवरच. परतताना अमेरिकेची नोंद तिथल्या सीमाशुल्क खात्याच्या रोम (ROAM) अ‍ॅपवर होते. बोट 30 फूट किंवा जास्त लांब असेल, तर त्या वर्षाचा कस्टम्सचा स्टिकर आधीच मागवा. आणि बोटीवर पिस्तूल किंवा गांजा असेल, तर ते निघण्यापूर्वीच उतरवा.

खारा वारा
स्टिकर कॅलेंडर वर्षापुरताच असतो. मागच्या वर्षीचा काचेवर दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका.