मदत हवी आहे: नांदेड स्टेशन ते विष्णुपुरी, विद्यापीठात रोज जायचं-यायचं कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

यंदा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. गाव लिंबगावजवळ, त्यामुळे नांदेडपर्यंत रेल्वेनं येते. खरी अडचण तिथून पुढं आहे. स्टेशन गोदावरीच्या अलीकडं आणि विद्यापीठ नदी ओलांडून लातूर रोडवर, दहाएक किलोमीटर.

सध्या शेअर ऑटोनं लातूर फाट्यापर्यंत जाते आणि तिथं दुसरा ऑटो बघते. तो भरल्याशिवाय हलत नाही. मागं चौघी, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक जण, आणि तरी "अजून एक सीट, अजून एक सीट" चालूच. तिकडं प्रॅक्टिकल सुरू झालेलं असतं. नऊचं प्रॅक्टिकल म्हणजे नऊचं, उशीर झाला की द्रावणं बनवायची वेळ निघून जाते आणि दुसऱ्याच्या टेबलावर उभं राहून बघावं लागतं. मला हा विषय मनापासून आवडतो, म्हणून हे फार लागतं.

आतलं अंतर तर कुणी धरतच नाही. गेटपासून संकुल, संकुलातून ग्रंथालय, फॉर्म भरायचा तर प्रशासकीय इमारत आणि पुन्हा संकुल. आत्ता ठीक आहे, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी दोनला हे कसं करायचं?

होस्टेल किंवा विष्णुपुरीत रूम हे उत्तर मला माहीत आहे. घरी आजी एकटी असते, रात्री मला घरी असावंच लागतं. त्यामुळे तो पर्याय सध्या नको.

भावाची गिअरची सायकल घरी नुसती उभी आहे. ती स्टेशनच्या स्टँडवर ठेवून तिथून थेट विद्यापीठात जावं का? मुली या रस्त्यानं सायकलवर जातात का? कुणी बॅटरीची गाडी वापरतंय का? महिन्यावर ऑटो लावला तर परवडतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

गोदाकाठ:
ताई, मी तिथंच शिकलो, म्हणून स्पष्ट सांगतो. लातूर रोडवर सायकल नको, निदान ऊसतोडीच्या दिवसांत तरी नकोच. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर असतात, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला आणि मागं लाल दिवा असेलच असं नाही. संध्याकाळी लवकर अंधार पडतो तेव्हा जीवावरचं काम आहे.

पण सायकल घरी ठेवू नकोस. ती कॅम्पसमध्ये आणून ठेव! हायवेचा प्रवास ऑटोनं किंवा बसनं आणि आतलं फिरणं सायकलवर. आम्ही तिघा मित्रांत एक जुनी सायकल ठेवली होती, ज्याला ग्रंथालयात जायचं तो घेऊन जायचा. संकुलाच्या शिपाईमामांना सांगून त्यांच्या नजरेसमोर लाव. साखळी फक्त चाकातून घालू नको, फ्रेममधूनही घे. पावसाळ्यात कच्च्या पायवाटेनं अजिबात जाऊ नको. आपली काळी माती मडगार्डात बसली की चाक फिरत नाही, मग काडीनं उकरत बसावं लागतं.

लोह्याची_सून:
अगं, एसटीचा विचार केलास का? स्टेशनपासून बसस्टँड जवळ आहे आणि लोहा, कंधारकडच्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. पण रोज जायचं असेल तर विद्यार्थ्यांचा मासिक पास त्याहून स्वस्त पडतो, त्यात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा. बोनाफाईड घे आणि पासच्या खिडकीवर विचार. विष्णुपुरीला कोणत्या साध्या गाड्या थांबतात ते वाहतूक नियंत्रकांकडून लिहूनच घे, कुणाच्या सांगण्यावर राहू नको.

रेल्वेचंही बघ. मुलींना पदवीपर्यंत सेकंड क्लासचा मासिक पास मोफत असतो. तुझी पदवी झाली, त्यामुळे तो मिळणार नाही, पण विद्यार्थी सवलतीचा पास निम्म्या दरात निघतो. अनुसूचित जाती-जमातींना सवलत आणखी जास्त आहे.

कौठेकर:
बॅटरीच्या गाडीबद्दल. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या गाडीला लायसन्स, पासिंग लागत नाही. दुकानदार हेच सांगून विकतात. पण एवढ्या वेगानं ट्रक-हायवांच्या मध्ये चालवणं मला पटत नाही. घ्यायचीच तर लायसन्स काढून पासिंगवाली घ्या आणि हेल्मेट रोज घाला. उन्हातून आणल्या-आणल्या बॅटरी चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या.

महिन्यावर ऑटो चार-पाच जणी मिळाल्या तर नक्की परवडतो. भाडं ठरवतानाच सुट्ट्यांचं आणि परीक्षेच्या काळातलं बोलून घ्या, नाहीतर दिवाळीच्या महिन्यात कुरबूर होते. आणि किती जणी बसणार तेही आधीच ठरवा.

मूळ प्रश्न विचारणारी:
सगळ्यांचे खूप आभार. सायकल आत ठेवायची, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भाऊ रविवारी टेम्पोत टाकून आणून देतो म्हणाला. लोह्याच्या ताई, बोनाफाईडचा अर्ज आजच दिला. पास हातात आला की कोणत्या गाड्या थांबतात ते इथं लिहीन, पुढच्या मुलींना उपयोग होईल.

संध्याकाळचं मात्र अजून सुटलेलं नाही. प्रॅक्टिकल साडेपाचला संपतं आणि त्यानंतर गेटवर थांबणं नको वाटतं. विष्णुपुरीहून स्टेशनकडं त्या वेळेला येणाऱ्या कुणी मुली असतील, विद्यापीठाच्या किंवा शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, तर कृपया मेसेज करा. चौघी झालो तर परतीचा ऑटो महिन्यावर लावू.