शेवट बदलला म्हणून रूपांतर फसले का?
एका रहस्यकादंबरीवरच्या नाटकाचे परीक्षण वाचले. कादंबरीचा शेवट बदलल्यामुळे हे नाट्यरूपांतर फसले, प्रेक्षकांच्या टाळ्या भाबड्या आहेत, हे त्या परीक्षणातले मत मला पटत नाही. रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी ‘अँड देन देअर वर नन’ या १९३९ च्या कादंबरीचे १९४३ मध्ये नाटक करताना शेवट स्वतःच बदलला, कारण कादंबरीत बेटावरचे सगळेच मरतात आणि रंगमंचावर घडलेले सांगायला कोणी उरत नाही. वाचक मागची पाने पुन्हा चाळू शकतो. प्रेक्षकाला, मग तो सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातल्या शेवटच्या रांगेत का बसलेला असेना, प्रत्येक दुवा त्याच क्षणी ऐकू यावा लागतो. नटांच्या शब्दफेकीवर, म्हणजे संवाद स्पष्ट ऐकू जातील असे म्हणण्यावर, परीक्षणात एक ओळही नाही, याचे मला फार वाईट वाटते. शिवाय सांगलीतला प्रयोग अजून व्हायचा असताना खुनी कोण हे त्यात उघड करायला नको होते.