किंमत सारखी, मोल वेगळे
२०११ मध्ये ॲपलच्या आयपॅड या टॅबलेटची किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होत असे. हे केवळ नावाचे पैसे होते, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये एचपी या संगणक कंपनीने आपला टचपॅड नावाचा टॅबलेट नेमक्या याच किमतीला आणला होता. त्याची वेबओएस ही कार्यप्रणाली वापरायला खरोखर सुरेख होती, पण तिच्यासाठी ॲप फारच थोडी असल्यामुळे ग्राहक फिरकले नाहीत, आणि दोन महिन्यांच्या आतच उत्पादन थांबवून उरलेला साठा ९९ डॉलरला काढावा लागला. तेव्हा मात्र त्यावर उड्या पडल्या. म्हणजे आयपॅडच्या किमतीत केवळ नाव नव्हे, तर ॲपचेही मोल होते.

त्याच वर्षी आलेल्या ॲमेझॉनच्या किंडल फायर या टॅबलेटची १९९ डॉलर ही किंमत वेगळ्या हिशेबावर बेतलेली होती, कारण ॲमेझॉनचे लक्ष यंत्रावरील नफ्यापेक्षा पुढे विकल्या जाणाऱ्या पुस्तकांवर, गाण्यांवर आणि चित्रपटांवर होते. केवळ वाचायचे आणि पाहायचे असेल त्याने तोच घ्यावा, असे मी तेव्हा मनापासून सांगितले असते. ज्याला व्हिडिओवरून बोलायचे होते, त्याला मात्र कॅमेऱ्याविना तो निरुपयोगी होता. शिवाय साठवण ८ जीबीच असून मेमरी कार्डाची सोय नव्हती, हेही विकत घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे लागे.