टोकन योग्य असूनही पायथनच्या स्क्रिप्टला ४०१ का मिळतो?

प्रश्न

एका सेवेच्या एपीआयवरून रोज रात्री नोंदी उतरवून घेणारी स्क्रिप्ट मी पायथनमध्ये ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी वापरून लिहिली आहे. ऑथोरायझेशन हेडरमध्ये ‘बेअरर’ आणि त्यापुढे टोकन (ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाला) असे मी कोडमध्येच लिहून पाठवतो. सहकाऱ्याच्या संगणकावर हीच स्क्रिप्ट विनातक्रार चालते, माझ्याकडे मात्र प्रत्येक वेळी ४०१ हा नकाराचा कोड येतो. तेच टोकन त्याच पत्त्यावर कर्ल या कमांडलाइन साधनाने पाठवले, तर माझ्याच संगणकावरून २०० हा यशाचा कोड मिळतो. त्यामुळे टोकनची मुदत संपली असावी असेही म्हणता येत नाही. लायब्ररीची आवृत्ती जुळवून पाहिली आहे. आणखी काय तपासावे?

उत्तर

४०३ आला असता, तर ओळख पटूनही परवानगी नाकारली गेली असे समजून टोकनला दिलेले अधिकार पाहावे लागले असते. ४०१ मध्ये सर्व्हरला ओळखच पटलेली नसते, म्हणून कोडमध्ये काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात काय पाठवले गेले ते आधी पाहावे. मिळालेल्या रिस्पॉन्समध्येच तो ज्या रिक्वेस्टला मिळाला ती जपलेली असते; तिचे हेडर छापून पाहा. त्याच रिस्पॉन्सची ‘हिस्टरी’ही (वाटेत झालेल्या रिडायरेक्टची यादी) तपासा, कारण रिडायरेक्ट दुसऱ्या होस्टकडे गेला, तर टोकन परक्या हाती पडू नये म्हणून ही लायब्ररी ऑथोरायझेशन हेडर मुद्दाम काढून टाकते. छापलेले टोकन इथे चिकटवू नका.

प्रश्नकर्ता

हिस्टरी रिकामी आहे. हेडर मात्र पाहून चक्रावलो: तिथे ‘बेअरर’ऐवजी ‘बेसिक’ आणि पुढे एक अनोळखी अक्षरमाला आहे. माझ्या कोडमध्ये ‘बेसिक’ हा शब्द कुठेही नाही.

दुसरे उत्तर

तुमच्या होम फोल्डरमध्ये ‘.नेटआरसी’ नावाची, होस्टनिहाय युजरनेम आणि पासवर्ड ठेवणारी फाइल आहे का ते पाहा. नावाच्या आरंभी बिंदू असल्यामुळे ती साध्या यादीत दिसत नाही. कोडमध्ये ‘ऑथ’ हे पॅरामीटर दिलेले नसेल, तर ‘रिक्वेस्ट्स’ ही फाइल आपणहून वाचते आणि तिथे त्या होस्टची नोंद सापडली, की तुम्ही हाताने लिहिलेले हेडर पुसून त्याजागी बेसिक ऑथ ठेवते. हे वर्तन दस्तऐवजात नमूद आहे, तरी ज्याने ते वाचलेले नाही त्याला ही चूकच वाटणार. कर्ल ती फाइल सांगितल्याशिवाय वाचत नाही, म्हणून तिथे सर्व सुरळीत दिसले.

सेशनवर ‘ट्रस्ट एन्व्ह’ फॉल्स केले की हे थांबते. पण त्यासोबत प्रॉक्सीची आणि सर्टिफिकेटच्या मार्गाची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही दुर्लक्षिली जातात. मी स्वतः टोकनचे हेडर लावणारा चार ओळींचा क्लास लिहून तो ‘ऑथ’मध्ये देतो, कारण ‘ऑथ’ दिले की नेटआरसीकडे पाहिलेच जात नाही.

प्रश्नकर्ता

फाइल सापडली. एका जुन्या एफटीपी कामासाठी केलेली ती आहे आणि तिच्यात होस्टच्या नावाऐवजी ‘डिफॉल्ट’ अशी नोंद आहे, म्हणजे ती कोणत्याही होस्टला लागू होते. आम्ही प्रॉक्सीमागे असल्याने क्लासचाच मार्ग घेतला. आता २०० मिळतो आहे.

दुसरे उत्तर

मग एक काम उरले आहे. ‘बेसिक’पुढची ती अनोळखी अक्षरमाला म्हणजे फाइलमधले युजरनेम आणि पासवर्ड, बेस-६४ या पद्धतीने लिहिलेले. बेस-६४ हे कूटलेखन नव्हे, ते कोणालाही उलगडता येते. आणि ‘डिफॉल्ट’ नोंदीमुळे तुमचा एफटीपीचा पासवर्ड या लायब्ररीने ‘ऑथ’विना बोलावलेल्या प्रत्येक सर्व्हरकडे आजवर जात होता. तो पासवर्ड अजून चालू असेल तर आजच बदला आणि ती नोंद एकतर काढून टाका किंवा नेमक्या होस्टपुरती करा.